सव्वाशे पावले

अकरा डिसेंबर, सकाळचे सात वाजून दहा मिनिटे. मी नगरच्या घरी दाढी करीत होतो. मोबाईल वाजला. पलीकडे नाना होते. आवाज पूर्वीपेक्षा बारीक झाला होता. शब्द मात्र पूर्वीसारखेच मोजके.

"पंत, साखळी घिऊन या. आज माझं रान मोजायचं."

उद्या चालणार नाही का, असे मी विचारले. त्यावर त्यांनी सांगितले, की पलंगापासून मोरीपर्यंत परवा एकोणतीस पावले झाली होती, काल एकतीस झाली. अंतर तेच आहे, पाऊल आखडत चालले आहे. या वेगाने किती दिवस उरतात त्याचे गणित मी बसमध्ये बसून करावे. एवढे बोलून त्यांनी फोन ठेवला. मी उरलेली दाढी पुरी केली आणि खुंटीवरची साखळी उतरवली.

मारुतराव नाना सरकारी मोजणीदार होते. शेताच्या हद्दी मोजणे, त्यांचा नकाशा काढणे आणि बांधाच्या टोकांना दगड बसवणे हे त्यांचे काम. वय शहाऐंशी. यकृताचा कर्करोग होता आणि डॉक्टरांनी आता घरी न्या असे सांगितले होते. मी त्यांच्या हाताखाली नऊ वर्षे होतो. पुढे मी वरच्या हुद्द्यावर गेलो, माझ्या हाताखालीही माणसे आली. त्यांना मी जे शिकवले त्यातले माझे स्वतःचे फार थोडे होते.

त्यांचे चरित्र मला लिहायचे नाही. जन्म, शिक्षण, बदल्या या गोष्टी सेवापुस्तकात असतात, आणि सेवापुस्तक वाचून माणूस कळत असता तर मी पुष्कळ माणसे ओळखली असती.

मी बाविसाव्या वर्षी खर्ड्याच्या कॅम्पवर रुजू झालो. पायांत नवे बूट होते, खिशात शाईचे पेन होते. नानांनी पेनाकडे पाहिले नाही, बुटांकडे पाहिले. मला किल्ल्याच्या तटाशी नेले आणि चालायला सांगितले. तटालगत शंभर पावले चालायचे आणि मग ते अंतर साखळीने मोजायचे. सकाळी दहा वेळा, संध्याकाळी दहा वेळा. किल्ला पाहायला आलेली शाळेची मुले मला पाहून हसली. असे तीन दिवस चालले. चौथ्या दिवशी नानांनी निकाल दिला.

"तुमचं पाऊल दोन फूट चार इंच. पाठ करा. साहेब बदलंल, गाव बदलंल, हे बदलायचं न्हाई."

मी कुलकर्णी, म्हणून त्याच दिवशी त्यांनी माझे नाव पंत ठेवले. खात्यात पुढे मला दुसऱ्या नावाने कोणी हाक मारली नाही.

त्यांचे स्वतःचे पाऊल अडीच फुटांचे होते. बरोबर अडीच. या पावलाचा त्यांना जेवढा अभिमान होता तेवढा एखाद्याला शिकलेल्या मुलाचा असतो. एस.टी. स्टँडपासून कचेरीपर्यंतचे अंतर, देवळापासून विहिरीपर्यंतचे अंतर, सगळे त्यांना पाठ होते. लग्नाला गेले की अक्षता पडायच्या आत मांडवाची लांबी त्यांच्या तोंडी असे. मांडववाला साठ फूट सांगे. नाना एक फेरी मारून येत आणि चोपन्न म्हणत. नानांच्या सोनई परिसरातले मांडववाले पुढे पुढे यजमानांना सुचवू लागले, की नानांना जेवणाच्या वेळेलाच बोलवावे.

'अंदाजे' हा शब्द त्यांच्यासमोर उच्चारता येत नसे. घरात त्याचा जाच सुनेला, सुमनला, होई. साखर थोडी कमी करा, असे डॉक्टरांनी एकदा बजावले. तेव्हा थोडी म्हणजे किती, हा प्रश्न नाना चहाच्या प्रत्येक कपाला तिला विचारू लागले. तिने आठवडाभर ऐकून घेतले. आठव्या दिवशी ती म्हणाली, "नाना, चमचा मोजाया तुमची साखळी लांब पडती. गप प्या."

नाना गप प्याले. खात्यात त्यांना असे उत्तर देऊन कोणी सुखात राहिल्याचे मला स्मरत नाही.

मोजणीला गेल्यावर ते चहा दोन्ही पक्षांकडचा घेत, प्रत्येकी अर्धा कप. एका घरी भरलेला कप घेतला तर दुसरा पक्ष ते अर्जात लिहितो, हा त्यांचा अनुभव होता. जेवण मात्र कोणाकडे नाही. भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधून आणत आणि ज्या बांधावरून भांडण चालू असेल नेमक्या त्याच बांधावर बसून खात. एका बागाईतदाराने एकदा त्यांच्यासाठी मटणाचा डबा आणला. नानांनी डबा नाकारला नाही. प्रतिपक्षाला हाक मारून शेजारी बसवले, डबा उघडला, आणि मटणाच्या फोडी मोजून दोन सारखे वाटे केले. एक वाटा बागाईतदाराचा, दुसरा त्याच्या वैऱ्याचा. स्वतः ठेचा खाल्ला. बागाईतदार स्वतःचेच मटण वैऱ्याशेजारी बसून मुकाट्याने जेवला. त्याची बायको लांबून पाहत होती. तिच्या चेहऱ्यावरचा भाव मी इतक्या वर्षांत विसरलो नाही.

साखळीविषयी थोडे सांगितले पाहिजे. ती लोखंडी, तेहतीस फुटांची. तिचे सोळा भाग, प्रत्येक भागाला आणा म्हणत. आता यंत्रे आली आहेत, ती उपग्रहाला विचारून हद्द सांगतात. आमच्या काळी साखळीची दोन टोके खात्याचे दोन शिपाई धरत. नाना शिपायांना सावलीत बसवत आणि ती टोके भांडणाऱ्या दोघांच्या हाती देत. नियमात हे बसते का, असे मी विचारले होते. नियमात टोक धरायचे लिहिले आहे, कोणी ते लिहिलेले नाही, असे उत्तर मिळाले.

कोपरगाव तालुक्यातल्या एका उसाच्या मळ्यात दोन सख्खे भाऊ होते. अकरा वर्षे ते एकमेकांशी बोलत नव्हते. निरोप द्यायचा तर कुत्र्याला उद्देशून मोठ्याने बोलत. नानांनी दोघांच्या हाती टोके दिली. साखळी मध्ये धुण्याच्या दोरीसारखी लोंबत राहिली, कारण ताणायची तर दुसऱ्याला सांगावे लागते. नाना छत्री उघडून बांधावर बसले. आपल्याला घाई नाही आणि लोंबती साखळी आपण लिहून घेत नाही, एवढेच म्हणाले. अर्धा तास दोघे भाऊ उन्हात टोके धरून उभे. शेवटी थोरला खेकसला, की ताण की रे. धाकटा म्हणाला, की आधी तू सरळ हो. पुढच्या आठ साखळ्यांत अकरा वर्षांच्या सगळ्या शिव्या बाहेर पडल्या. मी अस्वस्थ झालो. नाना वहीत आकडे मांडत होते. वर न पाहता मला म्हणाले, "शिव्या आल्या म्हंजी साखळी ताणली. ल्हया."

त्यांचा सर्वांत कडक नियम चुकीविषयी होता. चूक होणारच, असे ते धरून चालत. मात्र ती ज्याची त्याने, त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत, ज्याचे नुकसान झाले त्याला जाऊन सांगायची. साखळी पुढे सरकली की प्रत्येक वेळी जमिनीत एक सळई रोवतात, म्हणजे मोजदाद चुकत नाही. माझ्या दुसऱ्या वर्षी एक सळई मी रोवायची विसरलो. एका म्हातारीचे शेत कागदावर तेहतीस फुटांनी आखूड झाले. दुपारी कॅम्पवर नकाशा काढताना ते लक्षात आले. उद्या जाऊन दुरुस्ती करतो, असे मी म्हणालो. नानांनी आकाशाकडे बोट दाखवले. सूर्य अजून बराच वर होता. मी सहा मैल चालत गेलो. म्हातारी ओसरीवर शेंगा फोडत होती. मी चूक सांगितली. तिने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "व्हय बाबा. मला वाटलंच. माझं रान येवढं आखूड न्हाई." आणि माझ्या रुमालात शेरभर शेंगा बांधल्या. परत आलो तेव्हा नानांनी पहिली गोष्ट केली ती ही, की शेंगा दोन ढिगांत वाटल्या.

आता हमीदभाई. नानांच्या शेताला उत्तरेकडून लागून हमीदभाई शेखांचे शेत आहे. हमीदभाई नानांहून पाच वर्षांनी लहान. दोघे एकाच ओढ्यात पोहायला शिकलेले. ईदला शिरखुर्म्याचे भांडे नानांच्या घरी येई आणि दिवाळीला फराळाचे ताट हमीदभाईंकडे जाई. उरलेले सर्व दिवस दोघे बांधावरून भांडत. तक्रार अशी. पंचेचाळीस वर्षांपूर्वी पाटाचे पाणी आले, जमिनीचे सपाटीकरण झाले, त्यात बांधाच्या पश्चिम टोकाचा हद्दीचा दगड उखडला. नानांनी तो परत बसवला. हमीदभाईंचे म्हणणे होते, की तो बसवताना मोजणीवाल्याने हात मारला आणि आपली जमीन खाल्ली. हे ते चावडीवर, चहाच्या टपरीवर आणि घोडेगावच्या बाजारात सांगत. नाना प्रतिवाद करीत नसत. फक्त आपल्या हयातीत या बांधाची मोजणी होणार नाही, असे म्हणत. मोजणीदाराने स्वतःच्या हद्दीला हात लावू नये हे तत्त्व त्यामागे असावे, अशी माझी समजूत होती. मी ते तत्त्व माझ्या हाताखालच्या लोकांना उदाहरणासह शिकवले.

दोन म्हाताऱ्यांचे भांडण म्हणून गाव हसत होते. पण गेल्या जूनमध्ये ते मुलांपर्यंत आले. नानांचा मुलगा सुभाष आणि हमीदभाईंचा मुलगा रफिक, दोघेही पन्नाशीचे. नांगरट करताना बांध कोरला, यावरून बोलाचाली झाली. तुझ्या बापाने आमचे रान खाल्ले, असे रफिक म्हणाला. सुभाषने फावडे उचलले. रफिकच्या हाताला सात टाके पडले. पोलीस पाटलाने प्रकरण तिथेच मिटवले, पण सुभाषने नेवाशाच्या वकिलाकडे कागद देऊन ठेवले होते आणि रफिकनेही दुसरा वकील पाहिला होता. संक्रांतीनंतर दावा दाखल व्हायचा होता. नानांच्या हाती जे थोडे दिवस होते ते या दाव्याच्या आत संपणार होते. म्हणून तो सकाळचा फोन.

निघण्यापूर्वी मी साखळी अंगणात पसरून पोलादी टेपशी ताडून पाहिली. वापराने ती अर्धा इंच वाढली होती. तेवढी दुरुस्ती वहीत टिपली आणि अकराच्या सुमारास सोनईला नानांच्या वस्तीवर पोहोचलो.

नाना बाजेवर बसले होते. धुतलेला सदरा, टोपी, डोळे हळदीसारखे पिवळे. सुमन दारात उभी होती. डॉक्टरांनी हलायचे नाही असे सांगितले आहे, हे तिने मला सांगितले. मी काहीतरी बोलावे अशी तिची अपेक्षा होती. मी साखळीचे वेढे सोडायला घेतले. नानांनी बाज उचलून बांधावर न्यायला सांगितली. सुभाष आणि तीन शेजारी यांनी ती नेली. आपण चालत मोजत आलो असतो तर बरे झाले असते, अशी कुरकुर नाना वाटभर करीत होते.

हमीदभाईंना निरोप गेलाच होता. ते काठी टेकत आले, मागे रफिक. रफिकने सुभाषकडे पाहिले नाही. हमीदभाई बाजेजवळ उभे राहिले, नानांना नीट निरखले आणि मग माझ्याकडे काठी दाखवून म्हणाले, "मारुत्या, मोजनार कोन? तुझाच मानूस?"

"मानूस माझा," नाना म्हणाले, "साखळीचं एक टोक तुझ्या पोराच्या हातात. लबाडी झाली तर त्याला इचार."

एक टोक रफिकने घेतले, दुसरे सुभाषने. दोघांची तोंडे दोन दिशांना. मी नानांच्या शेताच्या दक्षिण कोपऱ्यातला मूळ दगड शोधून काढला. तो सरकारी खुणेचा होता आणि जागेवर होता. तिथून उत्तरेला बांधाच्या टोकापर्यंत जुन्या नकाशाप्रमाणे अंतर साडेनऊ साखळ्या. आम्ही मोजत आलो. नानांनी बसवलेला दगड साडेनऊ साखळ्यांना यायला हवा होता. तो त्याआधीच आला. चार आण्यांनी आधी. सव्वाआठ फूट.

हमीदभाईंना एवढेच दिसले, की दगड आणि माप जुळत नाही. ते विजयाने काठी आपटून म्हणाले, की बघा, मी काय म्हणत होतो, सरकलेला आहे. बांधावर जमलेल्या चारपाच लोकांकडे त्यांनी आळीपाळीने पाहिले.

मी खात्री करण्यासाठी त्यांच्या शेताच्या उत्तर कोपऱ्याकडूनही मोजले. तिकडून चार आणे जास्त भरले. मग मी वही मिटली आणि सांगितले, की दगड सरकलेला आहे हे खरे आहे, पण तो नानांच्या बाजूला सरकलेला आहे. खरी हद्द पलीकडे, हमीदभाईंच्या कांद्यात आहे. बावीस साखळ्या लांबीची, टोकाला चार आणे रुंद अशी निमुळती पट्टी, पावणेतीन गुंठे, नानांची असून पंचेचाळीस वर्षे हमीदभाईंकडे आहे.

 हमीदभाई हळूच बाजेच्या कडेला बसले. आयुष्यभर जपलेली तक्रार एका मिनिटात उलटी झाली, आणि आता चोर कोण याचे उत्तर त्यांच्या स्वतःकडेच यायला लागले होते. त्यांनी विचारले, हा दगड इथे आला कसा.

नानांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मी रजेवर हुतो," ते म्हणाले. "साखळी हापिसात. म्हनलं, मला कशाला लागती साखळी. त्या दगडापासनं सव्वाशे पावलं टाकली, वर एक फूट धरला अन् ह्यो रोवला. रान नांगरल्यालं हुतं. ढेकळात पाऊल आखडतं. पावलामागं पाऊण इंच अन् वर जरासं. शिकाऊ पोरालाबी हे म्हाईत असतं. मला म्हाईत न्हवतं का? हुतं. पर माझं पाऊल आखडंल असं मला वाटलं न्हाई."

मी विचारले, हे कळले केव्हा. ते म्हणाले, निवृत्तीच्या पहिल्या उन्हाळ्यात. एक टोक खुंटीला बांधून, एकट्याने, दुपारी गाव झोपलेले असताना त्यांनी हा बांध मोजला होता. म्हणजे अठ्ठावीस वर्षांपूर्वी.

"अठ्ठावीस वर्सं ठावं हाय तुला?" हमीदभाई म्हणाले. "अन् मी चावडीवर तुला चोर म्हनत हुतो तवा?"

"तवाबी ठावं हुतं."

"मंग बोलला का न्हाईस?"

"चोर म्हनलास ते सोसत हुतं रे हमीद. पाऊल चुकलं म्हनला असतास, ते सोसलं नसतं."

आधी हमीदभाई हसले. आवाज न करता, खांदे हलवत, मग खोकला येईपर्यंत. त्यांच्या मागे नाना हसले. त्यांना हसताना पोटात कळ येत होती आणि तरी ते थांबत नव्हते. सुमन पदर तोंडाला लावून वळली. तिला हसू आले होते की रडू, हे मी पाहिले नाही.

सुभाष हसला नाही. साखळीचे टोक हातात तसेच धरून तो म्हणाला, "नाना, मी ह्या रानापायी फावडं उचललं."

"म्हून तर पंतांना बोलावलं." नाना म्हणाले. मग त्यांनी रफिकला जवळ यायला सांगितले. रफिक आला. नानांनी त्याचा हात पाहायला मागितला, मनगटावरचा व्रण अंगठ्याने चाचपला आणि म्हणाले, "हे सात टाकं माझ्या पायानं पडल्यात. सुभाषनं न्हाई."

रफिक खाली मान घालून उभा राहिला. जाऊ द्या नाना, असे काहीतरी पुटपुटला. सुभाषने साखळीचे टोक खाली ठेवले, खिशातून मोबाईल काढला आणि दहा पावले दूर जाऊन नेवाशाच्या वकिलाला दावा करायचा नाही असे सांगितले. वकील बराच वेळ बोलत असावा. सुभाष नुसता न्हाई, न्हाई म्हणत होता.

परत येऊन त्याने मोठ्या मनाने सुचवले, की एवढी वर्षे गेली, पट्टी चाचांकडेच राहू द्यावी, दगड आहे तिथे असू द्यावा. हमीदभाईंना ते पटले नाही आणि नानांना राग आला. जमीन द्यायची असेल तर रीतसर कागद करून दे, तो तुझा अधिकार आहे, मी आड येणार नाही. पण दगड खोटे बोलता कामा नये, असे त्यांनी बजावले. मग हमीदभाईंनी कांद्याचा प्रश्न काढला. पट्टीत त्यांचा कांदा उभा होता. नानांनी निवाडा दिला, की रान माझे, कांदा तुझा, काढणीनंतर बांध घाल. हमीदभाईंनी विचारले, की गेल्या पंचेचाळीस वर्षांच्या कांद्याचे काय. नाना म्हणाले, भांडताना तुझ्या तोंडाचा वास माझ्यापर्यंत येत होता, त्यात ते वसूल झाले.

कागद मी लिहायला घेतला. दोन्ही पक्ष, साक्षीदार, मापे. मग कारण लिहायचे होते. मी लिहिले, 'पाण्याच्या प्रवाहाने दगड मूळ जागेवरून सरकलेला आढळून आला.' नानांनी वाचून दाखवायला सांगितले. मी वाचले. त्यांनी डोळे मिटून ऐकले आणि म्हणाले, "पंत, ह्या रानातनं दगड हलंल असं पानी कवा वाहिलं? खोडा ते."

मी ते खोडले. हे वाक्य मला पाठ होते. नोकरीत मी ते अनेक कागदांवर लिहिले आहे. त्याने मी कोणाकोणाला झाकले आणि त्यांत मी स्वतः किती वेळा होतो, हे मला माहीत आहे. ती यादी येथे देण्याचे कारण नाही. तिच्यातली दोन गावे अजून माझ्या पायांच्या आवाक्यात होती. जानेवारीत मी तेथे जाऊन संबंधितांना सांगून आलो. शेंगा कोणी दिल्या नाहीत.

नानांनी सांगितले तसे मग लिहिले. 'सदर दगड मी, मारुतराव, याने साखळी न लावता, पावलांच्या घमेंडीवर चुकीच्या जागी बसवला.' घमेंड हा शब्द कागदात चालत नाही, असे मी म्हणालो. त्यांनी सही करण्यासाठी पेन मागितले. सही पूर्वीच्या निम्म्या आकाराची आली. त्याखाली हमीदभाईंनी सही केली, मग दोन्ही मुलांनी.

खड्डा रफिकने खणला. हाच मान त्याने मागून घेतला. सुभाषने जुना दगड उपटून खांद्यावरून आणला. बाजेवरून सूचना चालू होत्या: दगडाचा दोन हिस्से भाग मातीत हवा, एक वर; तळाशी चुलीतला कोळसा टाका, कारण कोळसा कुजत नाही आणि उद्या कोणी दगड पळवला तरी खाली खणून जागा सापडते. सुमनने कोळसा पदरात बांधून आणला. हमीदभाईंनी तो मोजून टाकायचा का, असे विचारले. नानांनी त्यांच्याकडे दुर्लक्ष केले.

दगड उभा राहिल्यावर बाज परत न्यायची वेळ झाली. पुढच्या बाजूला सुभाष आणि रफिक, मागे दोन शेजारी. हमीदभाई काठी टेकत बाजूने निघाले.

"मारुत्या, लई हलका झालास," ते म्हणाले.

"पावणेतीन गुंठं वाढल्यात माझं, अन् हलका म्हनतो."

जिवंतपणी मी त्यांना शेवटचे पाहिले ते असे. बांधावरून बाज डुलत चालली होती. नाना उताणे पडून, टोपी छातीवर ठेवून, बाज नेणाऱ्यांची पावले मोठ्याने मोजत होते. बाविसाव्या पावलाला त्यांनी मोजणे थांबवले आणि सुभाषचे पाऊल रफिकच्या पावलापेक्षा लहान पडते, त्यामुळे बाज तिरकी होते, अशी तक्रार केली. दोघांनी थांबून पाऊल जुळवले. मग ऊस आडवा आला.

डिसेंबर संपायच्या आत नाना गेले. मी अंत्यविधीला गेलो होतो. दोन्ही घरची माणसे होती. त्याविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

त्या दिवशी बाज दिसेनाशी झाल्यावर मी बांधावर एकटाच राहिलो. नगरची बस साडेपाचला होती, हाताशी पाऊण तास होता. दगडाभोवतीची माती अजून भुसभुशीत होती आणि दुसऱ्या दिवशी हमीदभाईंची पाण्याची पाळी होती. खड्ड्यासाठी आणलेल्या बादलीत उरलेले पाणी मी त्या मातीवर ओतले, मुरू दिले, आणि टाचेने चारही बाजूंनी माती दाबून घेतली. मग वाकून दगड दोन्ही हातांनी धरला आणि हलवून पाहिला. हलला नाही.